थोडं दुखायचंच

उठू नका काका, हे नुसते थेंब आहेत — डोळ्यात सुई जायला अजून वेळ आहे. चुरचुरतं, माहितेय, जंतू मरायला तेवढं लागतंच. आणि बोलू नका, तोंडातले जंतू डोळ्यात उडतात. बोलायचं मी, माझ्या तोंडाला मास्क आहे. सुई पाकिटातून बाहेर आली की मीही गप्प. नियमच आहे तो आता. आता म्हणजे? — तीन महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हता. तेव्हा आमचे डॉक्टर मास्क हनुवटीवर घेऊन, पेशंटच्या उघड्या डोळ्यावर वाकून जावयाचे किस्से सांगायचे. हात मात्र हलका हो! तासाला बारा इंजेक्शनं. हसून हसून लोकांचं पोट दुखायचं — पोट दुखलेलं चालतं, ते आमच्याकडे येत नाही.

एका शिंपीकाकांचा डोळा दुखला. घाबरू नका, हजारांत एखाद्याला होतं, असं डॉक्टर म्हणतात. याच टेबलावर झोपले होते ते — नाही, म्हणजे — गादी बदललीय हो! शुक्रवारी इंजेक्शन, शनिवारी फोन. "डोळा ठणकतोय, सगळं धुरकट दिसतंय, सुईत दोरा जात नाहीये." त्यांना सांगण्यात आलं, थोडं दुखायचंच, सोमवारी या. सोमवारी बघतो तर आत पू! मग धावपळ — डोळ्यात औषध सोडलं, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डोळा राहिला, नजर गेली. चौकशी बसली. बसली ती बसलीच, उठताना एक पाटी लावून गेली — 'दुखल्यास त्वरित संपर्क साधा.' ती बघा, दाराशी. अक्षर एवढं बारीक की मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात!

सांगण्यात आलं म्हणजे? — दवाखान्याने सांगितलं. आता दवाखाना काय तोंडाने बोलतो? असू दे... मीच सांगितलं. शनिवार-रविवार दवाखाना बंद, तेव्हा त्याचा फोन माझ्याकडे असतो. बहिणीकडे घर लावत होते, हातात गादीचं एक टोक. आणि डॉक्टरांना सुट्टीत फोन केला की ओरडतात, म्हणून नाही केला. चौकशीत मला कुणी विचारलंच नाही. मीही नाही सांगितलं. नंतर काकांच्या घरी गेले, तर म्हणतात कसे, "सिस्टर, तुम्ही निदान फोन तरी उचललात."

डॉक्टरांना मी कळवलंच नव्हतं, हे मला त्यांना तिथेही नाही सांगता आलं.

तर ऐका. दुखणं वाढलं, लाल झालं, अंधूक दिसायला लागलं, की वाट बघायची नाही — तडक यायचं, दार वाजवायचं. आणि फोनवर मी म्हणाले ना, की थोडं दुखायचंच — तर माझं ऐकू नका.

आले डॉक्टर. वर बघा. आता एक अक्षर नाही.