गोणीत नसलेलं ऑक्साइड

...आणि वर मलाच म्हणतात, सर, तुम्हीच शिकवलं ना! अहो, शिकवलं, पण पोटॅशियम ऑक्साइड शिकवलं, खत नाही! तुम्हाला सांगतो, हे फिकट पिवळं ऑक्साइड म्हणजे मोठं तापट प्रकरण. नुसतं पोटॅशियम हवेत जाळावं तर भलतंच सुपरऑक्साइड होऊन बसतं. पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम हवाबंद भांड्यात एकत्र तापवायचं, तेव्हा कुठं हे मिळणार... आणि पाणी लागलं की भडकून कॉस्टिक पोटॅश, कातडी सोलणारं! एवढंच बारावीला शिकवलं. वर्गातल्या भूमिकानं ते घरी वाचून दाखवलं. तिचे वडील प्रेमचंदभाई, सारंगखेड्याला तापीकाठी सहा एकर केळी. त्यांनी पोटॅशची गोणी पाहिली. वर छापलेलं काय? के-टू-ओ, म्हणजे हेच ऑक्साइड, साठ टक्के! संपलं. मुळं जळतील म्हणून ठिबकमधून पोटॅश सोडणं बंद, तेही ऐन घड भरायच्या दिवसांत! अहो, गोणीत पोटॅशियम ऑक्साइड नसतंच!

गेलो मळ्यात. केळी बोटाएवढी, बघून खरंच वाईट वाटलं. म्हटलं, भाई, आत पोटॅशियम क्लोराइड आहे, मिठाच्या जातीचं; मोजमाप तेवढं ऑक्साइडच्या रूपात छापायची जुनी रीत आहे, गोणीत पोटॅशियम ऑक्साइड नसतं! त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साठ टक्का लिखेल शे, आनि मझार काहीच नही? मंग दुकानदारनी माले फसाडं. सर, तुम्ही साक्षीले चला."

साक्षीला! म्हणजे पोटॅश बंदच, वर त्या गरीब रतिलाल दुकानदारावर तक्रार, आणि साक्षीदार कोण, तर मी! आणि केळी काय, निकाल लागेपर्यंत थांबणार होती?

शेवटी काय करणार? बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं गोणीवर हात ठेवून सांगितलं, भाई, आहे, साठच्या साठ टक्के आहे, पण हे शेतीचं ऑक्साइड, पाण्यात गुपचूप विरघळतं. त्यांनी लगेच पोटॅश सुरू केलं. महिन्याभरात घड काय भरले म्हणून सांगू!

परवा चाचणी घेतली. पोटॅशियम ऑक्साइडवर पाण्याची क्रिया लिहा, दोन गुण. भूमिकानं लिहिलं, 'गुपचूप विरघळतं.' मी सरळ शून्य दिलं. तर पोरगी पेपर घेऊन आली, हळूच म्हणाली, "सर, पप्पांनी तुमचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. लावू का?"

...दिले. दोनापैकी दोन दिले.