रविवारची मॅच

पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन विभावरी जर्मनीत इंगोलश्टाटच्या हाडांच्या डॉक्टरकडे बसली होती. समोरून मराठी कानावर पडलं आणि तिच्या हातातलं मासिक तसंच उघडं राहिलं. गुडघ्याला पट्टा बांधलेले वडील आणि चाळिशीचा मुलगा बोलत होते.

“हृषिकेश, डॉक्टरांना विचार, रविवारी मैदानावर येऊ का.”

“बाबा, बघण्यासारखं काही नाही तिथे. सगळे ऑफिसातले लोक खेळतात.”

“तू बॉलिंग टाकणार ना?”

“चार ओव्हर. खांदा आता तेवढंच ऐकतो.”

“इंग्लंडला काउंटीत दिवसभर टाकायचास.”

“तेव्हा तर तुम्ही माझ्याशी बोलतही नव्हता.”

“तुझी आई रोज स्कोअर वाचून दाखवायची. इंजिनिअरिंग सोडून खेळत बसलास, याचा राग होता मला.”

“खांदा गेल्यावर पूर्ण केलं ना.”

“केलंस. पण तुझी एकही मॅच मी पाहिली नाही. तिथे बघायला कोण यायचं रे?”

“बरेचसे म्हातारे. थर्मास घेऊन दिवसभर बसायचे. विकेट मिळाली की मी आधी त्यांच्याकडे बघायचो.”

“ओळखीचे होते?”

“नाही. पण लांबून सगळे सारखेच दिसतात, बाबा.”

नर्सने जर्मनमध्ये आत बोलावलं, “हेर पटवर्धन, बिटे.” मुलाने हात पुढे केला, तो धरून वडील सावकाश उठले.

“रविवारी गुडघा दुखायला लागला तर लगेच सांगायचं हं.”

“नाही सांगणार. तू माझी खुर्ची तेवढी बाउंडरीजवळ ठेव.”