दुसरा काटा

दीपमाला : काकाजी, जरा बोलू नका. प्रोग्रामचं कोणतं काम, कोणता थ्रेड, कुठं अडकला ते पाहून राहिले.

वासुदेवराव : मी कुठं बोलून राहिलो? बाहेर खरेदी केंद्राच्या दारात कोंढ्याचा शेतकरी कवडू बोलून राहिला. धान मोजून अर्धा तास झाला, पावती नाही. आभाळ भरून आलं, धान भरलेले कट्टे उघड्यावर. म्हणते, तुमच्या काम्प्युटरले सर्दी झाली का.

दीपमाला : अन् साहेब?

वासुदेवराव : म्हणाले, बारापर्यंत पावती निघाली नाही तर हातानं लिहा, अन् त्या पोरीले भंडाऱ्याच्या एसटीत बसवून द्या. मी म्हटलं, एसटी दीडले आहे.

दीपमाला : थट्टा नका करू. ही नोकरी लागून आठ दिवस झाले. घरी तर मी लिहिलेला प्रोग्राम बरोबर चालत होता. काट्याचा थ्रेड वजन ठेवते, नोटिफाय करते म्हंजे हाक मारते, वेटवर वाट पाहत बसलेला प्रिंटरचा थ्रेड उठून छापते. आज इथं काय बदललं?

वासुदेवराव : काहीच नाही.

दीपमाला : मग सेटिंगमध्ये दोन काटे कोणी केले?

वासुदेवराव : ... लाइन मोठी होती, बेटा. जुना काटा रिकामा पडला होता. जोडला, अन् पडद्यावर दोनचा आकडा दाबला.

दीपमाला : म्हणूनच. वजन ठेवायची जागा एक. पहिल्या काट्यानं वजन ठेवून आवाज दिला प्रिंटरसाठी, उठला जागेची वाट पाहणारा दुसरा काटा. त्यानं पाहिलं, जागा भरलेली. पुन्हा निजला. आता तिघंही वाट पाहून राहिले, उठवणारा कोणीच नाही.

वासुदेवराव : पंगतीत वाढप्याले हाक मारावी अन् उपाशी पाव्हणा उठून यावा, तसं.

दीपमाला : तसंच. एकाले नाही, सगळ्यायले उठवा लागते. नोटिफायऑल. ज्याचं काम तो करते, बाकीचे पुन्हा बसतात. पण प्रोग्राम बंद करून चालू केला का अडकलेली वजनं गेली. कवडूभाऊचे ते कट्टे पुन्हा काट्यावर घ्या लागतील.

वासुदेवराव : त्याच्या शिव्या मी खातो. तू कर.

(थोड्या वेळानं प्रिंटर खरखरतो. टेबलावरचा फोन वाजतो.)

दीपमाला : द्या, मी सांगते साहेबाले. दोन काटे लागू शकतात, हे मीच गृहीत धरायले पाहिजे होतं.

वासुदेवराव : बस तू. ... हॅलो, साहेब. हो, निघून राहिल्या पावत्या. नाही, तिले फोन देत नाही, काम करून राहिली ते. बंद मी पाडलं होतं.