सोनेरी काड्यांचा चष्मा

मी, तोटीमामा या नावाने ओळखला जाणारा, वय ५२ वर्षे, धंदा नळदुरुस्ती, राहणार चर्चच्या मागची गल्ली, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो.

आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचे जेवण घरपोच दिले जाते. बुधवारचे डबे माझ्याकडे असतात. तसेच परदेशातील एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी मंडळी वापरलेले चष्मे गोळा करून पाठवते. ते चष्मे, माझ्याकडून बुधवारचा डबा घेणारे एक काका दुरुस्त करत. काकांचे पूर्वी चष्म्याचे दुकान होते. डबा फुकट घेणे त्यांना आवडत नसे. "ही माझी मजुरी आहे, उपकार नाहीत," असे ते दर वेळी बजावत. भाजीत मीठ नाही, असेही सांगत.

घटनेच्या दिवशी मी त्यांचे दार वाजवले. उघडले नाही. शेजारच्या ताई म्हणाल्या, "पुतण्याकडे गेले असतील." काका पुतण्याकडे जात नसत, हे मला माहीत होते. आत नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मी दार फोडले. काका मोरीत पडलेले होते, शुद्धीवर होते. मी नळ बंद केला. ताईंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातले आणि रुग्णवाहिका बोलावली.

स्ट्रेचरवर घेतल्यावर काकांनी मला टेबलावरची चष्म्यांची पेटी उचलायला लावली. त्या परदेशी दवाखान्यात आमच्या मंडळीतली एक नर्स कामाला आहे. ती रजा संपवून त्याच आठवड्यात परत जाणार होती. पेटी तिच्यासोबत जायची होती. मग काकांनी डोळ्यांवरचा सोनेरी काड्यांचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "हाही टाक त्यात."

मी म्हणालो, "काका, दवाखान्यात लागेल की."

"तिथं बघण्यासारखं काय असतं? आणि वर चिठ्ठीवर नंबर नीट लिही. कंटाळा करू नकोस."

त्यांनी नंबर सांगितला, मी लिहून घेतला. ताई तेव्हा जवळच होत्या, त्यांना विचारावे. काका त्याच संध्याकाळी वारले.

मी दार फोडून चष्मा चोरला, अशी पुतण्याची तक्रार असल्याचे मला इथे आल्यावर कळले. दार मी फोडले हे खरे आहे. कडी मी दुसऱ्या दिवशी नवी बसवून दिली, कुलूप लावले आणि किल्ली ताईंकडे ठेवली. पेटी नर्सकडे सोपवली.

चष्मा परत मागवता येईल का, असे मला विचारण्यात आले. पेटी पोचली का ते विचारायला आमच्या पाळकांनी काल माझ्यासमोर नर्सला फोन लावला होता. तो चष्मा तिकडच्या एका शिंपीणबाईंना अचूक लागला आहे. दिसत नाही म्हणून त्यांनी शिवणकाम सोडले होते. आता त्या पुन्हा मशीनवर बसतात. चष्मा परत मागायला मी फोन करणार नाही. त्यासाठी जे काही होईल ते मला मान्य आहे.

माझा जबाब मी सांगत गेलो तसा संगणकावर उतरवला आणि मला वाचून दाखवला. त्यात 'मयत' असे लिहिले होते, तिथे 'काका' करावे असे मी म्हणालो. तेवढी दुरुस्ती केल्यावर तो बरोबर आहे.