उसनी मिशी

२०२३ सालचा पावसाळा, नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली. रेवदंड्याला आमच्या शेठचा सुकट पाकिटात भरायचा कारखाना. माल कशाने बिघडेल ते आधीच हेरून बंदोबस्त करायला शेठने मुंबईचा साहेब आणला. छप्पर गळत होतं, उंदीर फिरत होते. साहेबाला धोका दिसला तो माझ्या मिशीत.

"काका, केस मालात पडेल. मिशी काढा, नाहीतर काम सोडा."

काढली.

पुढच्या आठवड्यात मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला निघालं, तेव्हा शेठ हादरला. पाकिटावर फोटो माझाच होता, पिळदार मिशीचा.

"साहेब, त्याने हा बाबा दाखवा म्हटलं तर? खोटारडे ठरू, ऑर्डर जाईल!"

साहेबाने गावातल्या नाटकवाल्याकडून एक मिशी आणून मला चिकटवली. वर ताकीद दिली, "उसनी आहे हं, परत द्यायची."

गिऱ्हाईक आलं, माझ्याकडे बघून खूश झालं. तेवढ्यात घामाने मिशी सुटली आणि थेट निवडलेल्या सुकटीत पडली.

"हे काय?" गिऱ्हाईक ओरडलं.

"मालात केस," मी म्हटलं. मिशी उचलली, झटकली आणि सगळ्यांसमोर साहेबाच्या हातावर ठेवली.