योक्टो निवडलं कुणी?

आकडा हलेना हो! चार हजार दोनशे बारा. मघाशी बघितलं तेव्हाही चार हजार दोनशे बाराच! एकूण सहा हजार कामं उरकायचीत, कॉम्प्युटर शिक्रापुरात माझ्या खोलीवर, आणि मी इथं कोरेगाव भीमात, कंपनीत, मोबाईलवर नुसती बघत बसलेय! तुम्ही म्हणाल, थांबला असेल जरा. असेलही. पण मागं कुणी डबा उघडला तरी दचकणारी मी... आणि हे योक्टो निवडलं कुणी? मीच!

तुम्हाला सांगते, आम्ही बनवतो हातात धरायचं यंत्र, मेंढराच्या कानातला बिल्ला वाचणारं. त्याच्या पोटात लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर. पण ते काही दुकानातून आणून भरता येत नाही, त्या यंत्रापुरतं शिजवावं लागतं! शिजवायच्या रीती दोन. बिल्डरूट म्हणजे घरचं पिठलं-भात, तासाभरात ताटात. योक्टो म्हणजे लग्नाचा स्वयंपाक, प्रत्येक पदार्थाची वेगळी रेसिपी... रेसिपीच म्हणतात, आईशप्पथ!... पहिल्यांदा सहा-सात तास, पण पुढं दहा तऱ्हेची यंत्रं काढली तरी तीच भांडी कामाला! शेजारच्या टेबलावरची गौतमी म्हणाली, "अगं, एकच यंत्र करायचंय, पंगत कुणाची उठवतीयेस? पिठलं टाक!" पण मी साहेबांसमोर, "सर, योक्टो!" सतीश सर चष्म्यावरून, "पक्कं? मग सोमवारी चारला चालू करून दाखव. तुला कायम करायचं का, तेही तेव्हाच बघू." म्हणजे नोकरीच की हो! आणि निवडलं कुणी?

आज सोमवार. कंपनीतलं मोठं मशीन दुसऱ्या कामाला जुंपलेलं, म्हणून सकाळी हा योक्टोचा स्वयंपाक खोलीवरच्या कॉम्प्युटरवर चढवून आले. वाजलेत अडीच. वडगाव रासाईचे बिरदेवमामा, ज्यांच्या मेंढरांवर चाचणी करायची ते, दीड तास आधीच हजर! मांडीवर पटका ठेवून म्हणतात, "पोरी, बटण दाबलं की चालू व्हावं, बाकी मला काय कळत न्हाई." मामा, मलाही एवढंच हवंय हो!

आता खोलीची दुसरी किल्ली कुणाकडं? घरमालकीण वच्छलाबाईंकडं. त्या दोन दिवस आभाळावर चिडलेल्या, कारण घातलेल्या कुरडया वाळेनात. फोन लावला... नुसती रिंग. पुन्हा लावला... रिंग! वीज गेली? आग लागली? चोर? चोराला चार हजार दोनशे बारावरच यायचं होतं? सातव्यांदा लावतेय, गौतमी लांबून पिठलं ढवळल्यासारखा हात फिरवतीये, सर घड्याळ बघतायत... उचलला! उचलला!

"हां, बोल की गं!"

"मावशी, माझा कॉम्प्युटर चालू आहे का?"

"त्यो डबा व्हय? लई गुणाचा बाई! सकाळी फरशी पुसाया गेले, तर मागनं काय झ्याक गरम हवा येती! म्हनलं, वाया कशाला घालवा? कुरडयांची दोन ताटं लावली पाठीला चिकटवून, आन् वरनं धडपा टाकला, ऊब जाऊ नये म्हून. पर मघाशी फुस्स झाला, गार पडलाय. जरा तितनंच तापव की! खालच्या अजून ओल्या हायत."

...योक्टोचं सोडा हो. खोली निवडली कुणी?