हनुवटीखाली हात

परीक्षेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बसलेला नवरा बायकोला तोंड उघडूच देत नव्हता. बाई नर्स होती. आज स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत पास झाली, तरच तिला परदेशातली नोकरी मिळणार होती.

“बेन्ताना, म्हणजे खिडकी. तुकड्यांत तोडून म्हण.”

“बेन...”

“बेन-ता-ना. जोर ‘ता’वर. आता सापातो, म्हणजे बूट.”

“थांबा हो, हनुवटीखाली हात धरून मोजते. जबडा जितक्यांदा खाली येतो, तितके तुकडे.”

“हात काढ. लोक बघताहेत.”

“हाताशिवाय मला जमत नाही.”

“सा-पा-तो. ‘पा’वर जोर. त्यात काय अवघड आहे?”

“सगळं तुम्हीच सांगता. आत गेल्यावर मी काय करू?”

“आधी हात काढ!”

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, “अहो साहेब, आत तुमचा जबडा जाणार आहे का? नाही ना? मग तो मिटा, आणि तिचा उघडू द्या.”